पेडल कुणाच्या कानानं निवडायचं?

शंकेखोर : माझा आक्षेप पेडलला नाही, ते निवडण्याच्या रीतीला आहे. नाशिकमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा पोरगा कॉलेजच्या बँडमध्ये उभा राहायला लागला की त्याला लगेच पेडल हवं असतं. कशासाठी हवं, असं विचारलं तर सांगता येत नाही. मग तो गिटारवाल्यांच्या एखाद्या ग्रुपमध्ये शिरतो आणि लिहितो, 'रॉकसाठी चांगलं पेडल सुचवा.' उत्तरांचा पाऊस पडतो. एक जण ट्यूब स्क्रीमर सांगतो, दुसरा बॉसचं डीएस-वन, तिसरा म्हणतो सुट्या पेडलांत पैसे घालू नकोस, सरळ प्रोसेसर घे. यांतल्या एकानंही त्याची गिटार ऐकलेली नसते. अॅम्प कोणता, वाजवणार कुठे, बँडमध्ये कीबोर्ड आहे का, हे कुणी विचारत नाही. तरी प्रत्येक जण छातीठोक सांगतो. पोरगा मग ज्याची भाषा सगळ्यात ठाम, त्याचं ऐकतो. घरच्यांनी दिलेले पैसे अशा रीतीनं जातात आणि सहा महिन्यांनी तेच पेडल त्याच ग्रुपमध्ये विकायला येतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहतो आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

हौशी : दादा, विकायला येतं हे खरं. पण त्या पोरानं दुसरं काय करायला हवं होतं? आपल्याकडच्या दुकानांत अकूस्टिक गिटारी, युकुलेले, कीबोर्ड भरपूर. पेडलं मोजकी, आणि पाच ओव्हरड्राइव्ह शेजारी ठेवून तासभर वाजवून बघ असं म्हणणारा दुकानदार मिळणं कठीण. पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं, धोबीतलाव गाठायचं, १८६५ पासून चालू असलेल्या फुर्टाडोजमध्ये जाऊन ऐकायचं, हे एखाद्या वेळी जमेल. दर वेळी नाही. जिथे ऐकायची सोय नाही तिथे माणसं ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारणारच. आणि 'आधी गरज ओळख, मग पेडल घे' हे तुमचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं, पण ध्वनीच्या बाबतीत गोष्टी अशा क्रमानं घडत नाहीत. फझचंच घ्या. १९६०च्या सुमारास नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंगच्या मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि मार्टी रॉबिन्सच्या गाण्यातला बेस गिटारचा सोलो फाटका, गुरगुरता उमटला. तो काढून टाकला नाही. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकानं मग तसाच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये ते मॅस्ट्रो फझ-टोन या नावानं बाजारात आलं. त्या आवाजाची गरज तोवर कुणाला होती? कुणालाच नाही. आवाज आधी आला, ओढ नंतर लागली. ग्रुपमध्ये एखादी क्लिप ऐकून माझ्या मनात काही हललं, तर तेही त्याच जातीचं आहे.

शंकेखोर : फझ-टोनची गोष्ट पुढे ने ना. ते पेडल सुरुवातीला फारसं कुणी घेतलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सनं ते वापरलं आणि मग त्याला मागणी आली. रिचर्ड्सच्या डोक्यात त्या जागी ब्रास होतं. शिंगवाद्यांनी ती ओळ वाजवायची, तोवर खूण म्हणून फझ, असा त्याचा बेत होता. म्हणजे सूर आधी होता, ओळ आधी होती, त्या ओळीला हवा असलेला पोतही त्याच्या कानात होता. पेडलनं ती जागा भरली. आज क्रम उलटा झालाय. ओळ नाही, गाणं नाही, पण बोर्डावर सात पेडलं. आणि तू ओढ म्हणतोस ती आवाजानं लागते की शब्दांनी? ग्रुपमध्ये ऐकायला कमी आणि वाचायला जास्त असतं. अमुक पेडल 'ट्रान्स्परंट', तमुक 'क्रीमी', तिसऱ्यात 'मोजो'. ट्यूब स्क्रीमरच्या जुन्या टीएस-८०८ आणि नंतरच्या टीएस-९ यांच्यावरून लोकांनी किती लिहिलंय बघ. दोन्हींतला सर्किटचा फरक शेवटच्या टप्प्यातल्या दोन रेझिस्टरांचा. दोन! आणि आतली ४५५८ नावाची चिप, जिच्या जुन्या नगांसाठी माणसं वाटेल ती किंमत मोजतात, ती त्या काळी सर्रास मिळणारी साधी चिप. क्लॉन सेंटॉर या ओव्हरड्राइव्हचं तर विचारूच नकोस. बिल फिनेगननं १९९४ पासून सुमारे पंधरा वर्षांत आठेक हजार नग बनवले. आज तो एक नग जुन्या बाजारात काही हजार डॉलरला जातो. शेवटी फिनेगननंच २०१२ मध्ये नवं पेडल काढलं तेव्हा त्याच्या डब्यावर छापून घेतलं, की हा जो अतिरेकी गाजावाजा आहे तो माझा नाही. बनवणाऱ्यालाच असं लिहावंसं वाटलं, यात सगळं आलं.

हौशी : थांबा, दादा. दोन रेझिस्टरांचा फरक आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कंपनीनं जाहिरातीत छापलं नव्हतं. ज्यांना तुम्ही भाबडे म्हणता त्याच हौशी माणसांनी पेडल उघडलं, ट्रॅकवरून बोट फिरवत सर्किट कागदावर काढलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. क्लॉनच्या सर्किटवर तर इपॉक्सीचा थर ओतलेला होता, कुणाला दिसू नये म्हणून. तो खरवडून आतलं सर्किट उजेडात आणलं ते याच मंडळींनी. त्यानंतर त्याच जातीची पेडलं मूळच्या अगदी थोड्या किमतीत मिळायला लागली. देव्हारा मांडणारे आणि तो उघडून बघणारे, दोघं एकाच ग्रुपमध्ये असतात, बरेचदा एकाच माणसात असतात. तुम्ही फक्त पहिल्यांचा हिशेब मांडता.

आणि इफेक्ट ही आपल्याला परकी गोष्ट आहे असा जो सूर तुमच्या पिढीत असतो, तोही मला पटत नाही. तानपुऱ्याची जवारी म्हणजे काय आहे? रुंद, किंचित बाक दिलेली घोडी, तिच्यावर तार टेकता-सुटता राहते, खाली सुती दोरा सरकवला की एका जागी स्वर एकदम उघडतो आणि वरच्या स्वरांचा झोत सुटतो. नुसत्या तारेत तो आवाज नसतो, तो घोडीनं घातलेला असतो. सतारीच्या तरफा वाजवल्या जात नाहीत, त्या मागे गुंजतात. रिव्हर्बचं काम त्याहून वेगळं काय आहे? पलुस्करबुवांच्या आश्रमाच्या या गावात तरी कुणी असं म्हणू नये, की स्वराच्या पोतावर मेहनत घेणं हा पाश्चात्त्यांचा छंद आहे.

शंकेखोर : जवारी तू काढलीस ते बरं केलंस, कारण माझं म्हणणं तिच्यातच आहे. मिरजेला तानपुरा घ्यायला जा. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथली घराणी हे काम करत आली आहेत. कारागीर आधी विचारतो, गाणार कोण, बाई की पुरुष, स्वर कोणता. मग तो जवारी काढायला बसतो. कानस फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा घासतो. समोर बसलेल्या गायकाच्या तोंडाकडे बघतो. जवारी खुली हवी की बंद, हे दोघांच्या कानांनी मिळून ठरतं. इफेक्ट आहे, मान्य. पण तो एका गळ्यासाठी, एका खोलीत, समोरासमोर बसवलेला इफेक्ट आहे. तुझ्या ग्रुपमध्ये सांगणारा आणि घेणारा यांच्यामध्ये ती खोलीच नाही.

आणि खोली नसली की काय होतं, ते ऐक. जुन्या धाटणीचं जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचं फझ चांगलं, असं थंड देशातला माणूस मनापासून सांगतो. त्याच्यासाठी ते खरंच आहे. पण जर्मेनियम उष्णतेला हळवं असतं. तापमान वाढलं की ट्रान्झिस्टरमधून नको तो प्रवाह गळायला लागतो, बायस सरकतो आणि आवाज गुदमरल्यासारखा, तुटक होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. निफाडला जानेवारीत पहाटे अंगावर शाल घेऊन वाजवलंस तर तेच पेडल गोड लागेल आणि मे महिन्यात लग्नाच्या उघड्या लॉनवर ते अंगावर येईल. इथल्या माणसाला सिलिकॉनचं फझ बरं, किंवा बायस फिरवायची सोय असलेलं. हे त्या वीस उत्तरांत कुणी लिहिलेलं असतं का?

हौशी : नसतं. पण ते आपल्यापैकी कुणी लिहीत नाही म्हणून नसतं. तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही लिहिलंत का?

शंकेखोर : नाही लिहिलं. तो भाग तुझा बरोबर आहे. पण अजून आहे. आमच्या ऑर्केस्ट्रात गिटारला जागा किती असते? ढोलकी आहे, ऑक्टोपॅड आहे, बेस आहे, कीबोर्डवाल्याचे दोन्ही हात चालू आहेत. पोरगा रात्री घरी, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बारीक आवाजात टोन लावतो. कान बारीक आवाजात खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकतो, म्हणून तो दोन्ही टोकं वाढवतो आणि मधला भाग कापतो. खोलीत ते भरदार वाटतं. कालिदास कलामंदिराच्या रंगमंचावर तीच सेटिंग लावली की गिटार नाहीशी. खर्ज बेसनं खाल्लेला, वरचं झांजेनं, आणि ज्या मधल्या पट्ट्यात गिटार ऐकू आली असती तो त्यानं स्वतःच कापलेला. ट्यूब स्क्रीमर इतकी वर्षं टिकलं त्याचं मोठं कारण हेच, की ते खर्ज उतरवतं आणि मधला पट्टा पुढे आणतं. घरी एकट्यानं ऐकलं तर नाकात बोलल्यासारखं वाटतं. बँडमध्ये तेच कामाला येतं. आता ग्रुपमधला एक म्हणतो 'नाकातला आवाज, घेऊ नका' आणि दुसरा म्हणतो 'याच्यासारखं दुसरं नाही'. दोघंही खरं बोलतायत. एक झोपायच्या खोलीतून, दुसरा मांडवातून. ते तेवढं सांगत नाहीत, एवढंच.

हौशी : मग माझं म्हणणं आणखी पक्कं होतं. दोष बोलण्याचा नाही, बोलताना जागा न सांगण्याचा आहे. आपल्याकडे असं जागेसकट शिकणारे वाजवणारे आहेतच, फक्त आपण त्यांच्याकडे गिटारवाल्यांच्या नजरेनं पाहत नाही. हळदीला, गणपतीच्या मिरवणुकीला बेंजो वाजतो तो बघा. मूळ वाद्य बुलबुल तरंग, म्हणजे गोरो मोरिता या जपानी माणसानं १९१२ मध्ये नागोयात काढलेल्या तायशोगोतोचं आपल्याकडचं रूप. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, अॅम्प लावला, गिटारचे इफेक्ट जोडले आणि ट्रॉलीवर ठेवून रस्त्यावर आणला. ढोल-ताशा आणि फटाके यांच्या वर तो ऐकू जातो. त्यासाठी किती गेन, किती डीले, हे त्यांनी कुठे वाचलं? शेजारच्या पार्टीचा वादक काय लावतो ते रस्त्यात उभं राहून ऐकलं, नंतर जाऊन विचारलं. त्यांचाही समूहच आहे, पण तिथं सांगणाऱ्याला आदल्या रात्री सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ऑनलाइन ग्रुपला ते कसं शिकवायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. ग्रुपच टाकून देणं हे त्याचं उत्तर नव्हे.

शंकेखोर : रस्त्यावर ज्याचं ऐकलं त्याला जाब विचारता येतो. ग्रुपमध्ये चुकीचा सल्ला देणारा दुसऱ्या दिवशी तितक्याच जोमानं दुसऱ्याला सल्ला देतो. शिवाय तिथला बोलण्याचा ढंग. कुणी विचारलं की पहिला टोमणा, 'आधी सर्च कर.' कुणी स्वस्तातलं चिनी पेडल दाखवलं की हसणं. ज्याच्याकडे महाग ते, त्याचा शब्द अंतिम.

हौशी : ढंगाचं मान्य, आणि त्यात एक वाक्य तुमच्या बाजूच्या लोकांचं आहे. 'टोन बोटांत असतो.' हे वाक्य खरं आहे. तार किती दाबतो, मिंड कशी घेतो, पिक कुठल्या कोनात लागतो, यावर आवाजाचा फार मोठा भाग ठरतो. ब्रिजभूषण काब्रांनी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त गिटार वाजवली, तिच्या मिंडेला कुठल्या पेडलची गरज होती? पण सोळा वर्षांच्या पोरानं 'माझ्या डिस्टॉर्शनमधून शिट्टीसारखा आवाज येतो, काय करू' असं विचारलं असताना 'टोन बोटांत असतो' असं सांगणं म्हणजे त्याला गप्प बसवणं आहे. त्याला हवं होतं ते एका ओळीचं उत्तर. गेन कमी कर, अॅम्पसमोरून बाजूला उभा राहा, फझ आणि डिजिटल डीले एकाच अॅडॉप्टरवर जोडलेत का ते बघ. ज्यानं हे उत्तर दिलं त्यानं त्या मुलाचा पुढचा महिना वाचवला. अशी माणसं मला ग्रुपमध्येच भेटली. चेहरा न पाहिलेल्या माणसानं मध्यरात्री मला अॅडॉप्टरच्या पिनेचा फोटो मागवून सांगितलं, की बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह लागते, तुझ्या हातातला कीबोर्डचा अॅडॉप्टर बारा व्होल्टचा आणि मधली पिन पॉझिटिव्हची आहे, लावू नकोस. माझं पेडल वाचलं. हे उपकार मी कमी लेखणार नाही.

शंकेखोर : ते लेखूही नकोस. वीज आणि जोडणी यांबाबत ग्रुपचं ज्ञान मी मानतो, कारण तिथे बरोबर-चूक मीटरवर दाखवता येतं. किंबहुना नवख्यानं पेडलच्या आधी पैसे तिथेच घालावेत असं माझं मत आहे. बरी केबल, ट्यूनर, सुटे आउटपुट असलेला पॉवर सप्लाय, आणि मांडवात वाजवायचं असेल तर अर्थिंग तपासायची सवय. गावोगावच्या मांडवात तात्पुरतं कनेक्शन घेतलेलं असतं, अर्थ नसते, गिटारची तार धरून ओठ माइकला लागला की झटका. तिथे पन्नास हर्ट्‌झचा हम घालवायला नॉइज गेट पेडल घेणारे पाहिलेत मी. हम विजेतून येतोय, आणि उपाय पेडलांत शोधला जातोय. पण पेडलची चव ठरवताना मीटर नाही. तिथे ग्रुप मत देतो आणि मतालाच ज्ञान म्हणतो.

हौशी : चव पडताळायची एक रीत आहे, आणि तीही ग्रुपमध्येच शिकलो. दोन पेडलं तपासताना दोन्हींची पातळी सारखी करायची. जे किंचित मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, हा कानाचा धर्म आहे. मित्राला बदलायला सांगायचं, आपण पाठ करून उभं राहायचं. असं केलं की बोर्डावरची निम्मी भांडणं मिटतात.

दुसरी गोष्ट, जिथे मी सगळ्यात जास्त आशा ठेवून आहे. फझ फेसचं मूळ सर्किट बघा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. अकरा नग. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये दिवसभर कंट्रोल पॅनेलची वायरिंग करणारी पोरं याच गावात राहतात. त्यांच्या हाताला हे जड नाही. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतात. मुंबईत आदित्य नंदवाना यांनी अॅनिमल फॅक्टरी उभी केली. बॅरन सामेडी, पिट व्हायपर, गॉडईटर, केमिकल बर्न अशी त्यांची पेडलं बाहेरच्या देशांतले वादकही घेतात. ही कुणाची नक्कल म्हणून नावाजली गेलेली नाहीत, स्वतःचा आवाज घेऊन आली. ज्यानं स्वतः एक फझ जोडलं, कपॅसिटर बदलला की खर्ज कसा फुलतो ते कानानं पाहिलं, तो 'मोजो'ला भुलत नाही. तुमचा मिरजेचा कारागीर मला तिथे दिसतो. गायकासमोर बसून कानस फिरवणं आणि गिटारवाल्यासमोर बसून बायसचा ट्रिमर फिरवणं, ही दोन कामं मला एकाच कुळीची वाटतात.

शंकेखोर : असं पेडल या गावात कुणी कुणासाठी बसवलं तर मी स्वतः ऐकायला येईन. पण तेवढ्यानं माझी मूळ शंका जात नाही. मी म्हणतो, आधी तुझ्या गाण्यात काय खटकतं ते ओळख. ग्रुपमध्ये विचारायचं तर तीन गोष्टी लिही : गाणं कोणतं, जागा कोणती, तक्रार कोणती. 'रॉकसाठी चांगलं पेडल' असं नको. 'कडव्यानंतरच्या सोलोत माझी गिटार कीबोर्डखाली दबते, अॅम्प पंधरा वॅटचा आहे, हॉल छोटा आहे' असं लिही. मग उत्तर देणाऱ्यालाही बाष्कळ बोलता येणार नाही. कदाचित उत्तर पेडल नसेलच. कीबोर्डवाल्यानं तेवढ्या वेळ डावा हात उचलावा, असं असेल.

हौशी : या तीन गोष्टी मी ग्रुपमध्ये सगळ्यांसाठी वर लावून ठेवायला सांगेन. उत्तर देणाऱ्यांसाठीही एक ओळ जोडेन : हे तुम्ही स्वतः वाजवलंय का, कुठे, कशावर? पण दादा, तुमच्या त्या नमुन्याच्या प्रश्नाकडे आणि आधीच्या बोलण्याकडेच बघा. 'गिटार कीबोर्डखाली दबते', 'मधला पट्टा', 'बायस सरकला'. तक्रार अशी नेमकी मांडायला लागणारा कान मला कुणी दिला? दोन वर्षांपूर्वी मला फक्त 'आवाज बरा नाही' एवढंच कळत होतं. लोकांच्या क्लिपा ऐकून, त्यांची भांडणं वाचून, एकदा चुकीचं पेडल घेऊन आणि विकून तो कान आला. तुम्ही म्हणता आधी कान, मग ग्रुप. ज्याच्या घरात, गल्लीत, गावात हे वाजवणारं कुणी नाही, त्यानं तो पहिला कान आणायचा कुठून?

शंकेखोर : मला तो ऑर्केस्ट्रातल्या वडीलधाऱ्या वादकांकडून मिळाला. शेजारी बसून. तुझ्या पिढीला ते शेजार मिळालं नाही, आणि आम्ही ते दिलंही नाही. ग्रुपनं दिलेला कान हा शेवटी ग्रुपचाच राहतो की कधीतरी तुझा होतो, हे मला अजून कळलेलं नाही. क्लिपा ऐकून घडलेल्या कानाला क्लिपेत चांगलं वाटणारंच चांगलं वाटत राहील, ही माझी भीती कायम आहे.

हौशी : आणि शेजारी बसून घडलेल्या कानाला शेजाऱ्याच्या पलीकडचं काही ऐकूच येणार नाही, ही माझी. फझ-टोन बाजारात आलं तेव्हा तेच झालं असणार. तरी एक करू. पुढच्या रविवारी माझ्याकडची ओव्हरड्राइव्ह आणि एक सिलिकॉनचं फझ प्रॅक्टिसच्या खोलीत आणतो. ढोलकी, बेस आणि कीबोर्ड वाजत असतानाच ऐकायचं, एकट्यानं नाही. ग्रुपमध्येही तसं लिहितो. नाशिकमधल्या ज्या कुणाला पेडल घ्यायचं आहे त्यानं पैसे भरण्याआधी आपली गिटार आणि आपलीच केबल घेऊन यावं, आणि दादा, तुम्हीही या.